फोनची काच किती बोटं मोजते, ते खोक्यावर लिहा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मागच्या रविवारच्या पुरवणीत फोनवर मराठी टाईप करायच्या वेगवेगळ्या सोयींवर लेख आला होता. बायकोने सकाळी चहा घेता घेता वाचून दाखवला, मग दुपारी मी तोच वेबसाईटवर लावून दोनदा ऐकला. लेख चांगला होता, माहितीही बरीच होती, पण शेवटाकडे एक वाक्य होतं की दृष्टिहीन लोकांचा प्रश्न आता सुटल्यासारखाच आहे, ते बोलून टाईप करू शकतात, त्यामुळे ब्रेलची गरज फारशी उरलेली नाही. लिहिणाऱ्याच्या मनात वाईट काही नसणार हे मला कळतं, पण ते वाक्य चार दिवस डोक्यातून जाईना म्हणून लिहायला बसलोय. पत्र जरा लांबेल, पण कृपया पूर्ण वाचा.

मी जन्मापासून पूर्ण अंध आहे, वय ५१, मिरजेत राहतो, बँकेत आधी टेलिफोन ऑपरेटर होतो, आता क्लार्क आहे. आणि हे पत्र मी बोलून लिहीत नाहीये. फोन आडवा धरलाय, स्क्रीन माझ्याकडे नाही तर पलीकडे केलीये, फोनच्या दोन्ही कडा तळहातात धरल्यात आणि दोन्ही हातांची पहिली तीन तीन बोटं काचेवर टेकवलीयेत. डाव्या हाताची तर्जनी म्हणजे १ नंबरचं टिंब, मधलं बोट २, अनामिका ३, उजव्या हाताची तशीच ४, ५, ६. ब्रेलची सहा टिंबं म्हणजे ही सहा बोटं, बास. १ आणि ३ एकदम टेकवून उचलली की क पडतो, १-३-४ चा म, १-२ चा ब. एका बोटाने उजवीकडे सरकवलं की स्पेस, डावीकडे सरकवलं की मागचं अक्षर पुसलं जातं, दोन बोटांनी उजवीकडे सरकवलं की नवी ओळ. एवढ्यावर अख्खं मराठी लिहिता येतं, जोडाक्षरांसकट (जोडाक्षराच्या आधी ४ नंबरचं टिंब द्यायचं आणि मग दोन्ही अक्षरं), आणि क्ष, ज्ञ यांना तर स्वतःची वेगळी खूण आहे.

याला इंजिनिअर लोक कॉर्डेड कीबोर्ड म्हणतात असं मला भाच्याने सांगितलं, तो पुण्यात कॉम्प्युटर शिकतो. पेटीवर तीन पट्ट्या एकदम दाबल्यावर जसा एकच भरलेला सूर येतो तसं इथे दोन-तीन-चार बटणं एकदम दाबली की एक अक्षर येतं. मला हे नाव माहीत नव्हतं पण मी हेच सात वर्षांचा असल्यापासून करतोय. शाळेत आधी ब्रेल पाटी आणि स्टायलस, त्यात उजवीकडून डावीकडे उलटं टोचायचं आणि कागद पलटून सुलटं वाचायचं, आणि नंतर मोठ्या वर्गात गेल्यावर पर्किन्सचं ब्रेल मशीन. सगळ्या शाळेत दोन मशीन होती आणि नंबर लागायचा. त्या मशीनला मधे स्पेसचं बटण आणि दोन्ही बाजूंना तीन तीन बटणं, वजन पाचएक किलो, लोखंडाचा आवाज, अक्षर दाबलं की कागदावर टिंबं उठलेली बोटाला लागायची. मला त्या मशीनचा आवाज अजून झोपेतसुद्धा ओळखू येईल. अमेरिकेत वॉटरटाऊनच्या पर्किन्स अंधशाळेत डेव्हिड अब्राहम नावाचे सुतारकामाचे शिक्षक होते, त्यांनी ते बनवलं आणि १९५१ मध्ये ते बाजारात आलं. आणि योगायोग बघा, १९५१ मध्येच आपल्याकडे भारती ब्रेल ठरलं. त्याआधी देशात वेगवेगळ्या भागात वेगवेगळ्या ब्रेल लिप्या चालायच्या, एका शाळेतलं पुस्तक दुसऱ्या शाळेच्या मुलाला वाचता येत नसे. भारती ब्रेलमध्ये मराठीचा क, हिंदीचा क, तमिळचा क सगळ्यांची टिंबं तीच. मशीन आणि लिपी एकाच वर्षी आली, पण मशीन घरी घ्यायची ऐपत आमच्यासारख्यांच्या घरात नव्हती, त्यामुळे शाळा सुटली तसं मशीन पण सुटलं. पुढची जवळजवळ तीस वर्षं मी ब्रेल फक्त वाचत होतो, लिहीत नव्हतो म्हटलं तरी चालेल.

ते मशीन परत हातात आलं ते फोनमध्ये. अॅपलने २०१४ मध्ये आयओएस ८ बरोबर हा सहा बोटांचा कीबोर्ड फोनमध्येच दिला आणि गुगलने एप्रिल २०२० मध्ये टॉकबॅकमध्ये (अँड्रॉइड फोनवर स्क्रीन वाचून दाखवणारी सोय) आणला, त्याआधी अमेरिकेत जॉर्जिया टेक विद्यापीठाच्या लोकांनी ब्रेलटच नावाने असंच केलेलं होतं. आयफोन काही मी घेऊ शकलो नव्हतो, पण पुढे घरी बसून एका मित्राकडून फोनवर ऐकत ऐकत हे शिकलो. शिकलो म्हणजे काय, ब्रेल तर येतच होतं, फक्त फोन कसा धरायचा आणि बोटं कुठे टेकवायची एवढंच, अर्ध्या तासाचं काम. पहिला शब्द लिहिला आई. ३-४-५ आणि मग ३-५. फोनने मोठ्याने "आई" म्हटलं आणि आतल्या खोलीतून आईने "काय रे" म्हणून विचारलं. मला काही बोलताच आलं नाही.

आता बोलून टाईप करण्याबद्दल. मी पण वापरतो, घाई असली की वापरतोच, त्याला नावं ठेवायची नाहीत मला. पण बोलणं आणि लिहिणं यात फरक आहे हो, आणि हा फरक डोळस माणसाला पटकन जाणवत नाही कारण त्याला दोन्ही मिळतं. तुम्ही एसटीत बसून घरी मेसेज करता तेव्हा शेजारच्याला तो ऐकू जात नाही. आम्ही बोलून टाईप केला तर अख्ख्या एसटीला ऐकू जातो. पासवर्ड बोलून टाकायचा का? बँकेत काउंटरला बसून कस्टमरचं नाव आणि रक्कम मी मोठ्याने फोनला सांगायची का? मागच्या वर्षी आई दवाखान्यात होती, रात्री अकराला रिपोर्ट आला, चांगला नव्हता. आई समोरच्या कॉटवर डोळे मिटून पडलेली, झोपली होती की जागी होती मला कसं कळणार. भाऊ कोल्हापूरला. मी इअरफोन लावला, फोन आडवा केला आणि त्याला सगळं लिहून कळवलं, एक शब्द तोंडातून न काढता. त्याने पण लिहूनच उत्तर दिलं, मी ते कानात ऐकलं. दोघे भाऊ तासभर असं बोलत होतो आणि खोलीत काही आवाज नव्हता. ज्या माणसाला हे रोज सहज मिळतं त्याला यात विशेष काय ते वाटणार नाही, मला त्या रात्री वाटलं.

दुसरं शुद्धलेखनाचं. हे मला तुमच्यासारख्या पेपरवाल्यांना मुद्दाम सांगायचंय. फोन वाचून दाखवतो तेव्हा दिन आणि दीन मला सारखेच ऐकू येतात. "आणि" आणि "आणी" यात कानाला फरक कळत नाही. पण ब्रेलमध्ये ऱ्हस्व इ म्हणजे २-४ आणि दीर्घ ई म्हणजे ३-५, बोटं वेगळी, जागा वेगळी. वाचताना बोटाखाली वेगळं लागतं आणि लिहिताना वेगळी बोटं उचलावी लागतात, त्यामुळे माझं ऱ्हस्व-दीर्घ बोटांत बसलंय. ल आणि ळ घ्या. ल म्हणजे १-२-३, डाव्या हाताची तिन्ही बोटं. ळ म्हणजे ४-५-६, उजव्या हाताची तिन्ही. आरशासारखे एकमेकांसमोर. बाल आणि बाळ यात शेवटी कोणता हात पडला एवढाच फरक, आणि तो फरक हातालाच कळतो, विसरता येत नाही. माझ्याकडे दर रविवारी सकाळी आसपासची पाच-सहा अंध मुलं येतात, त्यांना मी फोन शिकवतो, त्यातली जी मुलं साध्या शाळेत जातात आणि फक्त ऐकून ऐकून शिकलीत त्यांना गोष्टी पाठ आहेत, इतिहास पाठ आहे, पण शब्द कसा लिहितात विचारलं की गप्प होतात. नववीतल्या एका हुशार मुलाने मला विचारलं की सर, ज्ञानेश्वर लिहिताना पहिलं अक्षर द्न्य असतं का. त्याची काय चूक, त्याने तो शब्द कधी बघितलेला नाही आणि बोटाखाली पण घेतलेला नाही, फक्त ऐकलाय. ज्ञ ला १-५-६ अशी स्वतःची खूण आहे हे त्याला माझ्याकडे येईपर्यंत कुणी सांगितलं नव्हतं. मराठीत स्पर्शज्ञानसारखं ब्रेल पाक्षिक २००८ पासून निघतंय, पण मुलाला ब्रेलच शिकवलं नाही तर ते त्याच्या काय उपयोगाचं.

भाच्याने मला या एकत्र दाबायच्या कीबोर्डांचा जुना इतिहास वाचून दाखवला तो पण सांगतो कारण मला त्यातून एक गोष्ट नीट समजली. फ्रान्समध्ये एमिल बोदो नावाच्या माणसाने १८७४ मध्ये तारयंत्राचं पेटंट घेतलं त्यात पाचच बटणं होती, डाव्या हाताला दोन आणि उजव्या हाताला तीन, तार पाठवणारा ऑपरेटर यंत्राच्या ठेक्यावर बटणं एकत्र दाबायचा, ठेका चुकला की अक्षर गेलं. मग ९ डिसेंबर १९६८ ला सॅन फ्रान्सिस्कोत डग्लस एंगलबार्ट यांनी जगाला पहिल्यांदा माऊस दाखवला तो कार्यक्रम सगळ्यांना माहीत असतो, पण त्यांच्या उजव्या हातात माऊस असताना डाव्या हाताखाली पाच बटणांचा कीबोर्ड होता हे फार कुणी सांगत नाही. पाच बटणांच्या ३१ जोड्या होतात, इंग्रजीची २६ अक्षरं त्यात बसतात. माऊस जगभर गेला आणि ती पाच बटणं तिथेच राहिली. १९८० च्या आसपास इंग्लंडमध्ये साय एंडफील्ड यांनी मायक्रोरायटर काढला, एका हाताने सहा बटणांवर लिहायचा, तो पण काही वर्षांनी बंद पडला. अमेरिकेच्या कोर्टात आणि टीव्हीच्या सबटायटलला जे स्टेनोचं मशीन वापरतात ते मात्र चालू आहे, त्यात तर अख्खा उच्चार एका दाबात पडतो.

भाचा म्हणाला, मामा, हे सगळे हुशार लोक होते, मग लोकांनी का नाही घेतलं. मला वाटतं उत्तर सरळ आहे. साध्या कीबोर्डवर अक्षर लिहिलेलं दिसतं, पहिल्या दिवशी हळूहळू का होईना माणूस एका बोटाने शोधून नाव टाईप करतो. एकत्र दाबायच्या कीबोर्डवर दिसायला काहीच नाही, सगळ्या जोड्या आधी पाठ करायच्या आणि मगच पहिलं अक्षर. तेवढा धीर कुणाकडे नसतो. टचस्क्रीनवर पण डोळसांसाठी असले कीबोर्ड निघाले, भाच्याने दोन लावून बघितले आणि आठवड्यात काढून टाकले. तो म्हणाला हाताखाली काहीच लागत नाही, बोट कुठे आहे बघायला खाली मान घालावी लागते, मग साधाच काय वाईट. त्याचं बरोबर आहे. स्टेनोग्राफर टिकले कारण ते आधी शिकून येतात. आणि आम्ही. जी शिकायची कटकट बाकीच्यांना नको होती ती आम्ही सातव्या वर्षीच करून बसलोय. शंभर वर्षं हा कीबोर्ड गिऱ्हाईक शोधत होता आणि गिऱ्हाईक अंधशाळेच्या बाकावर बसलेलं होतं.

आणि टचस्क्रीनची जी अडचण आहे, की काच सपाट आहे, बोटाला काही लागत नाही, ती साध्या कीबोर्डला जास्त त्रास देते. टॉकबॅक लावून साध्या मराठी कीबोर्डवर लिहायचं म्हणजे बोट फिरवत फिरवत ऐकत जायचं, प, फ, ब, भ, सापडलं की उचलायचं, नुसतं "नमस्कार" लिहायला माझा जीव जायचा. ब्रेल कीबोर्डवर शोधायचं काही नाही कारण बटण असं कुठे ठरलेलं नसतंच, माझी बोटं जिथे आहेत तिथेच बटणं. फोन बोटांच्या जागा ओळखून घेतो, बोट जरा इकडे तिकडे सरकलं तरी सांभाळून घेतो. अक्षर बोट टेकवल्यावर नाही तर उचलल्यावर पडतं, म्हणून सगळी बोटं एकाच क्षणी पडायला हवीत असंही नाही. मग ते जे ब्रेलवरून मराठी करायचं काम आहे त्यासाठी लिबलुई नावाचं फुकट, सगळ्यांसाठी खुलं सॉफ्टवेअर आहे, लुई ब्रेलच्या नावावरून, त्यात मराठीचा पण तक्ता आहे. म्हणजे जगातल्या कुठल्या कुठल्या लोकांनी मिळून केलेलं काम आज माझ्या हातात आहे. मी मिनिटाला वीसेक शब्द लिहितो, मुलीने घड्याळ लावून मोजलंय.

आता मुख्य गोष्ट, ज्यासाठी खरं तर हे पत्र आहे.

माझ्याकडे येणाऱ्या मुलांत आठवीतली एक मुलगी आहे. जवळच्या गावातली, वडील दूध घालतात, दुधाचं बिल आल्यावर त्यांनी तिला नवीन फोन घेऊन दिला, साडेसात हजाराचा. मुलीचं ब्रेल फार सुंदर आहे, बोटं हलकी आणि नेमकी. फोनवर आली आणि दोन रविवारांत लिहायला लागली. आषाढात वारीवर निबंध लिही म्हटलं. लिहिलं, आणि फोन वाचून दाखवायला लागला तर "आषाटी एकादशी". परत लिहिलं, "आषाक्षी". मग कधी ट कधी क्ष, पण ढ काही येईना. तिने आईला वाढदिवसाचा मेसेज पाठवला तो "वाटदिवसाच्या शुभेच्छा" असा गेला, घरात कुणी तरी हसलं. मी काय केलं, मी तिला म्हणालो बाळ तुझं सहावं बोट नीट पडत नाहीये, लक्ष देऊन टेकव. तीन रविवार मी तिला हेच सांगितलं. ती घरी जाऊन रोज ढ ची प्रॅक्टिस करायची, पाटीवर ढ, टेबलावर बोटं आपटून ढ. तिसऱ्या रविवारी रडायला लागली, म्हणाली सर माझी बोटंच चांगली नाहीत.

मला तेव्हा काय सुचलं कुणास ठाऊक, मी तिच्या हातात माझा फोन दिला. पहिल्याच वेळी ढ आला. परत लिही म्हटलं, परत आला. दहा वेळा दहा. मग तिचा फोन मी घेतला आणि मला पण ढ लिहिता येईना, चाळीस-पंचेचाळीस वर्षं ब्रेल करणाऱ्या माणसाला.

ढ म्हणजे भारती ब्रेलमध्ये सहाच्या सहा टिंबं. सगळ्या मराठी अक्षरांत सहाही बोटं लागतात असं हे एकच अक्षर. आणि त्या फोनची काच एका वेळी पाचच बोटं मोजते. सहावं बोट टेकवलं तरी तिला ते नाहीच. उजवी अनामिका जरा उशिरा पडली की १-२-३-४-५ मोजलं जातं म्हणजे क्ष, डावी तर्जनी उशिरा पडली की २-३-४-५-६ म्हणजे ट. मुलीचं काहीही चुकत नव्हतं. काचेखाली जी बारीक तारांची जाळी असते आणि ती वाचणारी जी चिप असते तिला किती बोटं एकदम ओळखता येतात याची मर्यादा असते, चांगल्या फोनमध्ये दहा, स्वस्तात पाच, आणि काहींत तर दोनच, कारण फोटो चिमटीने मोठा करायला दोन बोटं पुरतात. ज्याला दोनच लागतात त्याला फरक पडत नाही. आम्हाला सहा लागतात.

आम्ही दुकानात गेलो. दुकानदार भला माणूस, म्हणाला खोक्यावर मल्टिटच लिहिलंय की. लिहिलं होतं. किती बोटांचं ते लिहिलं नव्हतं. कंपनीच्या हेल्पलाईनला फोन केला, तीन वेगवेगळ्या लोकांशी बोललो, तिघांनाही प्रश्नच कळला नाही, एकाने फोन रीसेट करायला सांगितला. कॅमेरा किती मेगापिक्सेलचा, बॅटरी किती, रंग कोणते, हे सगळं खोक्यावर आहे, वेबसाईटवर आहे, जाहिरातीत आहे, एक साधा आकडा तेवढा कुठे नाही. शेवटी फोन परत झाला नाही कारण वापरलेला होता. मी माझा जुना फोन तिला दिलाय, बॅटरी कमी टिकते पण सहा बोटं मोजतो.

आणखी एक त्रास म्हणजे तीन बोटांचा स्क्रीनशॉट. बऱ्याच फोनमध्ये तीन बोटं खाली ओढली की स्क्रीनचा फोटो निघतो, ते आधीपासून चालू असतं. आमचा ल आणि ळ दोन्ही तीन बोटांचे, जरा बोट घसरलं की अक्षर जातं आणि फोटो निघतो. एका मुलाच्या फोनमध्ये चारशेच्या वर असे फोटो साठले होते, मेमरी भरली म्हणून फोन अडकत होता, आणि ते फोटो त्याला दिसत नसल्यामुळे कशाने भरली तेच कळत नव्हतं. सेटिंगमध्ये जाऊन ते बंद करता येतं, पण आहे हे कुणी तरी सांगायला लागतं. ब्रेल कीबोर्ड उघडला की फोनने ते आपोआप बंद करावं एवढी साधी गोष्ट आहे.

तर माझी विनंती अशी. तुमच्या पेपरात दर आठवड्याला नवीन फोनची माहिती येते, त्यात एका ओळीत हा फोन एका वेळी किती बोटं ओळखतो ते द्या. तुम्ही विचारायला लागलात तर कंपन्या सांगतील, आणि सांगायला लागल्या तर खोक्यावर पण येईल. देशात २०११ च्या जनगणनेप्रमाणे दृष्टिदोष असलेले ५० लाखांच्या वर लोक आहेत, त्यातले सगळे ब्रेलवाले नाहीत हे मान्य, पण बहुतेकांचे फोन स्वस्तातलेच असणार, आणि नेमकं स्वस्त फोनमध्येच बोटं कापलेली असतात.

शाळांबद्दल पण. आमच्या शिक्षकांनी आम्हाला ब्रेल मारून मुटकून शिकवलं, तेव्हा राग यायचा, आज त्यांच्या पाया पडावंसं वाटतं. आता काही पालक आणि काही शिक्षकसुद्धा म्हणतात फोन बोलतोच की, ब्रेल कशाला. मी म्हणतो फोन आहे म्हणूनच ब्रेल शिकवा. आधी ब्रेल शिकलेल्या मुलाला मशीन परवडत नव्हतं, पुस्तक मिळत नव्हतं, लिहिलेलं डोळस माणसाला वाचता येत नव्हतं. आज मूल ब्रेलमध्ये लिहितं आणि समोरच्याच्या फोनवर सरळ देवनागरीत उमटतं, मधे कुणी नाही. अंधशाळेत ब्रेलचा तास असतो तसा फोनवरच्या ब्रेलचा पण असावा, आणि साध्या शाळेत शिकणाऱ्या अंध मुलांना तर आधी ब्रेलच मिळावं, त्यांच्याकडे येणाऱ्या विशेष शिक्षकांना हे शिकवलं जावं.

परीक्षेचं मी फार लांबवत नाही. मी दहावीला रायटर घेतला होता, सातवीतला मुलगा, मी सांगायचो तो लिहायचा, मराठीच्या पेपरात मी सांगितलेलं शुद्ध आणि त्याने लिहिलेलं अशुद्ध, मार्क माझे गेले. केंद्र सरकारच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांत दिव्यांग विद्यार्थ्याला पेपर ब्रेलमध्ये, कॉम्प्युटरवर, मोठ्या टाईपात असा कसा द्यायचा ते निवडायची मुभा दिली होती, तासाला किमान २० मिनिटं जादा वेळ दिला होता. मग सहा बटणांनी लिहून देवनागरीत उमटणारा पेपर का नको? इंटरनेट बंद केलेला, शाळेने दिलेला टॅब असू दे, कॉपीची भीती असेल तर तपासणारा शेजारी बसू दे. मुलाचं उत्तर मुलाच्या बोटांनी लिहिलं जाऊ दे. ती आठवीतली मुलगी दोन वर्षांनी दहावीला बसेल. तिला रायटर नकोय, तिने मला तसं सांगितलंय.

लेख लिहिणाऱ्यांना माझा नमस्कार कळवा. ते कधी मिरजेला आले तर रविवारी सकाळी दहाला आमच्याकडे यावं, मुलं लिहिताना बघावीत. आवाज काहीच नसतो, फक्त काचेवर बोटं टेकल्याचा टपटप, आणि सगळ्यांच्या कानात इअरफोन.

कळावे,
आपला एक जुना वाचक,
मिरज

ता. क. घरात कुणी अंध असेल आणि फोन घ्यायचा असेल तर दुकानात पैसे देण्याआधी मल्टिटच टेस्टचं एखादं फुकट अॅप टाकून घ्या, काचेवर सहा बोटं एकदम टेकवा आणि दुकानदाराला विचारा आकडा किती दाखवतोय. सहा किंवा जास्त आला तरच घ्या. आणि घरी आल्यावर तीन बोटांचा स्क्रीनशॉट बंद करून घ्या. त्या मुलीने काल रात्री मला मेसेज केला, एवढाच: "सर, ढ ढग ढोल ढाल वाढदिवस आषाढ."